नाव न घेता केलेली प्रार्थना

माह्या सासूचं नाव कोकिळाबाई. नावासारखा गळा असंल म्हणान, तर आजिबात नाही. चर्चमधे गीत सुरू झालं की सगळ्यांचं कडवं संपते तेव्हा तिचं अर्ध्यावर असते. पण प्रार्थना कराले लागली ना, तर बाप्पा! शब्द असे सरसर येतात की ऐकणाऱ्याच्या डोळ्यातून पाणी. नांदुऱ्याच्या आमच्या लहानशा मंडळीत कोणाचं लेकरू आजारी पडलं, कोणाच्या नवऱ्याची नोकरी गेली, की पाळकसाहेबांच्या आधी लोकं आमच्या दारात. "कोकिळाबाई, जराक प्रार्थना करा." तिचे हात शिलाई मशीनवर असत. ते तिथंच थांबत, चष्मा कपाळावर जाई आन डोळे मिटले जात.

मी समीक्षा, तिची सून. मूळची वरवट बकालची, माहेर शेतकऱ्याचं, माहेरी अंगणात तुळस हाय. शेखरसोबत कोर्टात लग्न केलं, तवा दोन्ही घरचे फुगून बसले होते. आता सगळं ठीक हाय. मी रविवारी चर्चले जाते, दिवाळीले माहेरी जाते, कोणी काही म्हणत नाही. फक्त एक गोष्ट अजून अंगात मुरली नाही. प्रार्थनेत माहे डोळे मिटत नाहीत. लहानपणापासून मूर्तीकडं पाहून हात जोडलेले, सवय जाते कुठं! म्हणून जे मिटल्या डोळ्यांच्या बायांले दिसत नाही ते मले दिसते.

बुधवारी दुपारी आमच्या घरी बायांची सभा भरे. एखादं गीत, शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एखादा भाग आन मंग विनंत्या. विनंती म्हणजे ज्याचं जे दुखणं असंल ते त्यानं सांगायचं आन बाकीच्यांनी ते देवापुढं मांडायचं. रीत चांगलीच हाय, खोटं काऊन बोलू! माह्या बाळंतपणात या बाया आळीपाळीनं माह्यासाठी उपास धरून बसल्या होत्या, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण रीत चांगली असली म्हणून तिच्यात किडा पडत नाही असं थोडंच हाय? हळूहळू विनंती स्वतःची कमी आन दुसऱ्याची जास्त व्हाले लागली. "अमकीच्या सुनेसाठी प्रार्थना करू या, ती माहेरी काऊन जाऊन बसली ते देवाले माहीत." असं एकीनं म्हणलं की बाकीच्या सरकून जवळ येत. आमच्या वरवटले बाया हे सगळं हातपंपावर डोळे उघडे ठेवून बोलत. इथं डोळे मिटून बोलत, एवढाच फरक.

मी एकदा सासूले म्हणलं, "आत्याबाई, देवाले माहीत हाय तर आपल्याले काऊन पाह्यजे?"

"तू नवीन हायस, तुले समजायचं नाही," ती म्हणाली आन मशीनचं चाक फिरवलं. विषय संपला.

तिच्या पोटात गोष्ट ठरत नसे, हे तिलेबी माहीत होतं. माप देता देता बाया मन मोकळं करत. दंडाचं माप घ्यावं तर नवऱ्याची कागाळी, कमरेचं घ्यावं तर सासूची. ऐकून ऐकून ती भरून जाई. पैशाचा मोह तिले कधी झाला नाही. उरलेल्या कापडाचा तुकडासुद्धा ती चिंधी म्हणून ठेवून घेत नसे, गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकून देई. तिचा मोह दुसराच होता. सगळ्यांच्या आधी आपल्याले ठाऊक असावं आन ते आपण सांगावं, तेबी अशा सुरात की ऐकणारा म्हणंल, काय माया हाय या बाईच्या पोटात!

काजल आमच्या मंडळीतली पोट्टी. आई नाही, बाप अबोल. नर्सरीच्या लेकरांले शिकवते, चालताना मान खाली घालून चालते. खामगावच्या हर्षलसोबत तिची सोयरिक जुळून राह्यली होती. पसंती झाली होती, साखरपुडा तेवढा राह्यला होता. त्याचा ब्लाउज शिवाले ती आली. मी सैपाकघरात कणीक मळत होती, मधात फक्त पडदा.

"मावशी," ती म्हणाली, "एक सांगू काय? मले लहानपणी फिट येत. आताबी गोळी चालू हाय. लय वर्षं झाली, आली नाही. पण हर्षलले मी सांगणार हाय. या रविवारी तो येऊन राह्यला. त्याले मीच सांगीन, माह्या तोंडानं. तेवढी हिंमत यावी म्हणून प्रार्थना करा. आन कोणाले..."

"अवं, कोणाले सांगतो मी? आपण शपथ घेत नाही. माहं हो म्हणजे हो."

मंग तिनं काजलच्या डोक्यावर हात ठेवला आन इतक्या हळू प्रार्थना केली की पडद्याआड मलेबी ऐकू आली नाही. पोट्टी जाताना हसत होती. तिले हसताना मी पहिल्यांदाच पाह्यलं.

तिथंच थांबलं असतं तर काय बिघडलं असतं!

बुधवार आला. सकाळपासून सासूचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. वरणात मीठ दोनदा, दळण गिरणीतच विसरलं. मले कळलं होतं, गोष्ट बाहेर याले धडपडून राह्यली. मी तिच्याकडं पाहून म्हणलंबी, "आत्याबाई, काजलचं काजलपाशी."

"मले शिकवतेस काय बे!" ती भडकली. बायांले कोणी बे म्हणत नाही, पण संतापली की तिले भान राहत नाही.

दुपारी सभा भरली. बेबीताई समोरच बसली होती, भिंतीले टेकून. ही बेबीताई म्हणजे हर्षलची सख्खी मावशी, ते सगळ्यांले ठाऊक. विनंत्या झाल्या, त्या दिवशी सगळ्या फिक्या होत्या. कोणाची कंबर, कोणाचा दमा. मंग बेबीताईच म्हणाली, "कोकिळाबाई, आज तुम्हीच करा प्रार्थना. तुमची ऐकली की मनाले लागते."

झालं. सासूनं डोळे मिटले. सुरुवात नेहमीसारखी, आकाश-पृथ्वीच्या निर्मात्या वगैरे. मंग आवाज खाली आला. "बापा, तुह्या एका लेकरासाठी तुह्यापुढं येतो. नाव नाही घेत, तू जाणतोस. तिचं घर वसायची वेळ आली. जो आजार तिले लहानपणापासून जमिनीवर आपटते, त्याच्यातून तिले सोडव. शास्त्रातल्या ज्या पोराले झटके येत आन जो विस्तवात पडे, त्याले तू उठवलं. तसं हिलेबी उठव, प्रभू. गोळीवर जगणाऱ्या तुह्या लेकीले..."

नाव नाही घेत! अख्ख्या मंडळीत लग्नाची पोट्टी एकच होती.

"आमेन, आमेन," बाया म्हणत होत्या, जोरात म्हणत होत्या. माहे डोळे उघडे होते. मी पाह्यलं, बेबीताईचेबी उघडले. आन मी सासूचं तोंड पाह्यलं. ते खुललं होतं, खरंच खुललं होतं, पोट भरून जेवलेल्या माणसासारखं. त्या तोंडाची मले आजबी लाज वाटते. दुसऱ्याचं दुखणं मांडताना इतकं सुख कोणाले व्हावं!

रविवार उजाडायच्या आधीच खामगावहून काजलच्या बापाले फोन आला. आजाराचं काही नाही म्हणे, पण आमच्यापासून लपवलं. जे आज लपवते ते उद्या काय काय लपवीन? हर्षलनं स्वतः काजलले फोन केला आन एवढंच म्हणला, "मले दुसऱ्याकडून कळावं?" सोयरिक मोडली.

काजल आमच्याकडं आली. मले वाटलं, आता ही भांडीन, आरडाओरड करीन. करावी बी. ती दारातच उभी राह्यली, चप्पलसुद्धा काढली नाही.

"मावशी, मी उद्या सांगणार होती," ती म्हणाली.

सासूच्या तोंडातून पहिला शब्द काय निघाला? "मी नाव नाही घेतलं वं काजल!"

काजल निघून गेली आन माह्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणलं, "नाव घ्यायचं राह्यलंच काय, आत्याबाई? घराचा पत्ता दिला, दारापर्यंत नेऊन सोडलं, आन म्हणता नाव नाही घेतलं! तुम्हीच सांगता न मले, आदामानं बाईवर ढकललं, बाईनं सापावर ढकललं. तुम्ही कोणावर ढकलता?"

सून सासूले असं बोलत नाही. मंग ती मशीनवर डोकं टेकून रडाले लागली. मी पाण्याचा गिलास नेऊन ठेवला आन बाजूले झाली. काय करणार, पाह्यवत नव्हतं.

त्यानंतर तिले प्रार्थना येईना. खरंच येईना. जेवणाआधी "हे बापा" म्हणे आन थांबे. शेखर तिच्या तोंडाकडं पाही, भाकरी थंडी होई, मंग तो स्वतःच दोन शब्द म्हणून टाकी. बाजारात काजलचा बाप दिसला तर ती भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या गल्लीनं येई. एकदा भेंडी निवडता निवडता तीच बोलली, मी इचारलं नव्हतं.

"समीक्षा, हव्वेनं ते फळ पाह्यलं तवा ते चांगलंच दिसत होतं वं. सडकं असतं तर तिनं हात लावला असता काय? मलेबी ते चांगलंच दिसलं. मले वाटलं, माया हाय, म्हणून बोलतो. सैतान रानात येशूपाशी आला तो बी शास्त्रच बोलत आला. शिंगं लावून थोडाच येते तो! माह्याकडं तर प्रार्थना घेऊनच आला."

"मंग ओळखायचं कसं?" मी इचारलं.

"सकाळी मीठ दोनदा पडलं न, तवाच ओळखलं होतं मी. नाही ओळखलं असं नाही. ओळखून बी घरात घेतलं." असं म्हणून तिनं तोंडावर पदर घेतला.

मंग तिच्या मनानं दुसरंच घेतलं. आमच्यात साक्ष देतात. रविवारी उपासनेत उभं राहून, देवानं आपल्याले कसं वाचवलं किंवा आपलं काय चुकलं, ते सगळ्यांपुढं सांगायचं. ती म्हणाली, "मी साक्ष देतो. सगळ्यांपुढं माफी मागतो काजलची. माहं तोंड काळं झालं ते सगळ्यांले दिसू दे." शनिवारी तिनं पांढरी साडी इस्त्री केली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा ती सरळ बसून जेवली. मले बरं वाटलं, खोटं कशाले सांगू.

पण जायच्या आधी ती काजलच्या घरी गेली, मले संगं घेऊन. काजलनं खुर्ची दिली, पाणी दिलं. सासू तिच्यापुढं खाली बसली आन म्हणाली, "पोरी, माहं चुकलं. मोठं चुकलं. उद्या चर्चमधे सगळ्यांपुढं कबूल करतो."

काजलनं पाण्याचा गिलास उचलून बाजूले ठेवला. मंग म्हणाली, "नका करू, मावशी. ज्यांले ठाऊक नाही त्यांलेबी ठाऊक होईन. तुमचं मन हलकं होईन, लोकं म्हणतीन, बाई किती खरी. आन मी सोमवारी शाळेत जाईन तवा लेकरांच्या आया माह्याकडं पाहतीन, ही आता पडते का मंग पडते."

सासूनं तिचे पाय धराले हात पुढं केला. काजलनं पाय मागं घेतले.

घरी येताना ती रस्त्यात म्हणाली, "सैतानानं येशूले देवळाच्या टोकावर नेलं, उडी मार म्हणे, लोकं पाहतीन. मी तर साडी इस्त्री करून चढून बसली होती." मले हसू आलं आन लगेच लाजबी वाटली हसल्याची.

रविवारी पाळकसाहेबांनी इचारलं, "कोणाची साक्ष?" सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या. बेबीताईनं तर दिवसच मोजले असतीन. सासूचा गुडघा हलला. मी तिच्या बाजूलेच होती. उभी राह्यली असती तर रडली असती, सगळे रडले असते, आन दुपारच्या जेवणाआधीच ती पुन्हा पहिल्यासारखी मानाची कोकिळाबाई झाली असती. ती उठली नाही. पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं आन ती पुन्हा अर्ध्या कडव्यानं मागं पडली.

मंग बाया घरी याले लागल्या. "काय झालं वं नेमकं त्या पोट्टीचं? सांगा न, प्रार्थना करता येईन." पहिल्या-पहिल्यांदा तिले लय जड गेलं. जीभ अशी टाळ्याले लागे की मले दिसे. तिनं एक युक्ती काढली. बाई माप द्याले आली की तोंडात टाचण्या धरे. बाईनं इचारलं की "उं, उं" करे आन टाचण्यांकडं बोट दाखवे. मी पडद्याआड हसून हसून बेजार. पाळकसाहेब म्हणतात, मोहाच्या प्रत्येक घडीले देव एक वाट मोकळी ठेवते. माह्या सासूची वाट टाचण्यांच्या डबीतून गेली. एकदा तर बेबीताईनं मुद्दाम इचारलं, "आपल्यात काय लपवायचं, कोकिळाबाई?" तर ही उठली आन चप्पल न घालता भर उन्हात अंगणात जाऊन उभी राह्यली, बेबीताई जाईपर्यंत.

तिचा मान गेला. बुधवारची सभा बेबीताईच्या घरी भराले लागली. लोकं म्हणाले, कोकिळाबाईचा विश्वास थंडा पडला. चुगल्या करून सोयरिक मोडली तिनं आन आता तोंड लपवते, असंबी म्हणाले. यातलं अर्धं खरंच होतं, म्हणून तिले उत्तर देता येत नव्हतं. ती त्या सभेत जाई, दारापाशी बसे, आन प्रार्थना करा म्हणलं की मान हलवून नाही म्हणे.

पुढच्या वर्षी काजलले मलकापूरचं स्थळ आलं. आमच्यात स्थळ पाह्याले आले की आधी मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसापाशी जातात आन पोट्टी कशी हाय ते इचारतात. त्या लोकांले बिचाऱ्यांले काही ठाऊक नव्हतं. कोणीतरी जुन्या ओळखीनं आमचं घर सांगतलं. नवरा-बायको दोघं आले, मी चहा केला.

"तुम्ही प्रार्थनेच्या बाई," तो माणूस म्हणाला. "तुम्ही खोटं बोलणार नाही. पोट्टीत काही असंल तर सांगा."

मी तिथंच ट्रे घेऊन थिजली. खोटं बोललं तर देवापुढं खोटं, आन खरं बोललं तर पुन्हा तेच. सासूनं बशी खाली ठेवली.

"पोट्टी खरी हाय," ती म्हणाली. "बाकी जे इचारायचं ते तिले इचारा. ती तुमच्यापासून काही लपवणार नाही."

"म्हणजे काही हाय?" त्या बाईनं लगेच पकडलं.

सासूचा चेहरा उतरला. "मी एकदा दुसऱ्याचं बोलली, तवापासून माह्या चूप बसण्याचाबी लोकं अर्थ काढतात. ती माही चूक हाय, तिची नाही. मले नका इचारू. मी सांगायच्या लायकीची नाही."

आपल्या घरात, परक्या माणसांपुढं, सुनेपुढं, तिनं असं म्हणलं. ते दोघं एकमेकांकडं पाहात उठले. ती बाई दारातून वळून पाहात गेली. त्यांनी काय समजलं असंल, देव जाणे. सासू दिवसभर मशीनवर बसली आन एक टाका घातला नाही. "माह्यामुळं पुन्हा मोडलं तर?" एवढंच तिनं मले इचारलं.

संध्याकाळी काजल आली. आमच्या दारातून किती महिन्यांनी आत आली, चप्पल काढून. सासूच्या मशीनपाशी बसली.

"ते आले होते, मावशी. मी सांगतलं. सगळं, माह्या तोंडानं."

सासूचे ओठ हलले. मी पाह्यलं, तो प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. मंग काय म्हणाले ते? हाच प्रश्न. कोणीबी इचारला असता. ज्यानं इचारला नाही तो माणूसच नाही, असा प्रश्न. माह्याच तोंडातून तो निघणार होता, तर सासूनं माहा हात असा दाबला की बांगडी रुतली.

काजल थांबली होती. तिनं आधी माह्याकडं पाह्यलं, मंग सासूकडं.

"इचारत नाही तुम्ही?"

"नाही वं," सासू म्हणाली. "चहा घेशीन?"

काजलच्या डोळ्यातून पाणी आलं. तिनं सासूचा हात धरला आन मान हलवली, घेतो म्हणून. मी आत जाऊन चहा ठेवला. पडद्याआडून कान देऊन ऐकत राह्यली, पण त्या दोघी एका शब्दानं बोलल्या नाहीत. चहा पिऊन काजल गेली. मलकापूरचे लोकं काय म्हणाले ते मले अजून ठाऊक नाही, आन लाज वाटते सांगाले, ते ऐकाले माहा जीव आजबी तळमळते.